तिघांची चूल

आठवड्याचे सहा दिवस माळावरच्या घरात सगळी पोरं पंगतीला बसायची. रविवारी मात्र पंगत बंद असायची. त्या दिवशी दुपार कलली की बाई कोठीचं दार उघडायच्या आणि भावंडांच्या प्रत्येक जोडीला नाहीतर घोळक्याला मोजून ज्वारीचं पीठ, मूठभर डाळ, मीठ-मिरची आणि पळीभर तेल द्यायच्या. मागच्या पटांगणात आमचे ठरलेले तीन-तीन दगड असायचे. आपल्या दगडांपाशी जायचं, काटक्या गोळा करायच्या, चूल पेटवायची आणि आपल्या भावंडांचं आपण रांधून खायचं. बाईंचं म्हणणं असं, की पंगतीत वाढलेलं पोर जेवायला शिकतं, घर करायला शिकत नाही. दहा-बारा चुली एकदम पेटायच्या. धूर डोळ्यांत जायचा, कुणाची भाकरी करपायची, कुणाची डाळ उतू जायची, आणि सगळीकडून थापण्याचा आवाज यायचा. नवीन कुणी घरात आलं, की त्याचं नाव विचारायच्या आधी पोरं विचारायची, "तुमची चूल किती जणांची हाय?" आमची तिघांची होती. म्हणजे दोन वर्षं होती. ती दोघांची कशी झाली, ते लिहायला मी आज बसले आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारण्यासारखं नाही.

हे घर नांदूरघाटाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, गावापासून जरा तुटून, खडकाळ माळावर होतं. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मध्ये अंगण, एक लिंबाचं झाड आणि लिंबाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा, जो दगडानं बडवला की उठायचं, जेवायचं, शाळेला निघायचं. घर चालवायचे ते नाना आणि बाई, दोघं नवरा-बायको. नाना आधी मास्तर होते. त्यांनी आणि बाईंनी हे घर एका हट्टापायी काढलं होतं: आईबाप गेलेल्या पोरांची भावंडं तोडायची नाहीत. एक मामाकडं, एक चुलत्याकडं, एक कुणाच्या गुरांमागं, अशी वाटणी व्हायची ती होऊ द्यायची नाही. म्हणून तिथं भावंडंच घ्यायचे. एकटं पोर आलं तर नाना त्याला जेवू घालून, दोन दिवस ठेवून, स्वतः बीडच्या सरकारी बालगृहात पोचवून यायचे, कारण परवानगी तेवढ्याचीच होती. एका घरच्या भावंडांना मिळून एक पत्र्याची पेटी मिळायची आणि पेटीची किल्ली थोरल्याच्या गळ्यात. किल्ली गळ्यात असणं ही त्या घरात मोठी गोष्ट होती. माझ्या गळ्यात ती होती, आणि मी आंघोळीलासुद्धा ती काढत नसे.

आम्ही तिथं कसे आलो ते थोडक्यात सांगते. वडील आधीच गेले होते. आई ऊसतोडीला गेली असताना तिकडच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तापानं गेली. मी दहाची, दत्तू अडीच-तीनचा. आमच्या शेजारच्या कोपीत कौशी राहायची, माझ्याहून वर्षानं मोठी. तिला आई नव्हती आणि बाप एक दिवस मोळी टाकून निघून गेला तो परत आलाच नाही. आई आजारी पडल्यापासून दत्तूला कौशीच काखेला घेऊन फिरायची. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमानं आम्हा तिघांना उसाच्या रिकाम्या ट्रकमध्ये घालून माळावर आणलं. वाटभर दत्तू तिच्या मांडीवर झोपला होता. मला त्याला धरता येत नव्हतं असं नाही, पण माझ्याकडं आला की तो रडायचा.

नानांनी अंगणात आम्हाला उभं केलं आणि विचारलं, "तिघं सख्खी का?"

मुकादम म्हणाला, "पोरीलाच इचारा, मालक." आणि तो माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणाले, "व्हय. ही माझी बहीण हाय. कौशी."

मला आजवर पुष्कळांनी सांगितलं, की दहा वर्षांच्या पोरीनं केवढं मोठं मन दाखवलं. मी ते ऐकून घेत आले. खरं असं, की दत्तू रात्री रडला तर त्याला कसं गप करायचं या भीतीनं मी ते बोलले. कौशी राहिली तर तो प्रश्न मिटत होता, एवढंच. मग बाईंनी विचारलं, "थोरली कोण?" त्यांच्या तळहातावर किल्ली होती. ती मी बघितली आणि "मी" म्हणाले. कौशी माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होती. बाईंनी आमच्या दोघींच्या डोक्यांकडं एकदा बघितलं आणि किल्ली माझ्या गळ्यात घातली. कौशीनं लगेच मान खाली घालून जरा वाकून उभं राहायला सुरुवात केली. ती दोन वर्षं तशीच वाकून चालली.

घर वाईट नव्हतं. पोटभर होतं, शाळा होती, आणि मला शाळेत डोकं होतं. माझा पहिला नंबर यायचा. पाढ्यांचं आणि कौशीचं कधी जमलं नाही. तिचं सगळं शहाणपण हातात होतं. तिची भाकरी टम्म फुगायची. शेजारच्या चुलीवरची पोरं आपलं पीठ घेऊन तिच्याकडं यायची, "कौशे, येवढी थापून दे की." भाजल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, येसराची आमटी ती अशी करायची, की नाना रविवारी सगळ्या चुलींवरून चक्कर मारताना आमच्यापाशी हमखास थांबायचे आणि वाटी पुढं करायचे. दिवाळीत तर तिचंच राज्य. करंजीला आमच्याकडं कानवला म्हणतात. कानवल्याच्या काठाला मुरड घालायची ती कौशीनं. बोटांच्या टोकांनी ती झरझर काठ दुमडत जायची आणि शेवटी टोकाला एक बारीकसा चिमटा काढायची. तिचा एक कानवला तेलात फुटला नाही. माझे निम्मे फुटायचे, सारण तेलात पसरायचं, आणि बाई म्हणायच्या, "रुकमे, तू आपली लाटायला बस."

आणि दत्तू तिचा होता. त्याला ठेच लागली तर कौशीताई, भूक लागली तर कौशीताई, शाळेच्या वाटेवर पाय दुखले तर कौशीताईची पाठ. मला तो आक्का म्हणायचा आणि जरा लांबूनच म्हणायचा, कारण मी त्याला अक्षरं गिरवायला बसवायचे. मी त्याची सख्खी, एका आईच्या पोटची, आणि हे सगळ्यांत फक्त मला आणि कौशीला माहीत. जे मोठ्यानं सांगता येत नाही, ते आत कुजायला लागतं. माझंही कुजलं. आमचं भांडण झालं की मी तिला दोनच शब्द म्हणायचे, "सांगू का?" तेवढ्यानं ती गप व्हायची. मग ती माझ्या पाळीचं पाणी भरायची, माझे कपडे धुवायची, तिच्या वाटणीचा गूळ मुकाट्यानं माझ्या ताटलीत ठेवायची. किती वेळा म्हणाले असेन? मोजले नाहीत, पण रविवारी हमखास म्हणायचे. मी पुढं अंगणवाडीत बत्तीस वर्षं काढली. एखादी पोर दुसरीला धाक घालताना दिसली, की मी तिच्यावर जरा जास्तच ओरडायचे. मदतनीस म्हणायची, "ताई, लेकरं हायत, येवढं कावून चिडता?"

दुसऱ्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीज माळावर मोठी असायची. अंगण सारवून सगळे भाऊ ओळीनं पाटावर बसवायचे, डोक्यावर टोप्या, रुमाल, काही नसलं तर फडकं. बहिणी ताटं घेऊन उभ्या. ज्यांच्यात बहीण नाही अशा पोरांना बाई स्वतः ओवाळायच्या. गावातली माणसं बघायला यायची. त्या वर्षी बीडहून एक साहेब आणि त्यांची बायको आली होती. घराच्या परवानगीचं काम त्यांच्याकडं होतं. माणसं भली होती. साहेबांच्या बायकोनं पोरांसाठी फटाक्यांची पिशवी आणली होती आणि ती खुर्चीवर न बसता आम्हा पोरींत मिसळून उभी होती.

रीत अशी, की थोरल्या बहिणीनं आधी ओवाळायचं. मी ताट घेऊन दत्तूसमोर बसले. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, पणती आणि एक कानवला. कौशी माझ्या मागं उभी होती. मी कुंकवाचं बोट पुढं नेलं, तशी दत्तूनं दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेतलं.

"पयली कौशीताई," तो म्हणाला.

लोक हसले. पाच वर्षांचं पोर, टोपी कानावर आलेली, हसण्यासारखंच होतं. मी म्हणाले, "हात काड, दत्तू." त्यानं कपाळ आणखी घट्ट दाबलं. साहेबांची बायको हसत म्हणाली, "थोरलीला राग आला वाटतं." साहेब म्हणाले, "धाकटी बहीणच लाडकी असते हो भावाची." त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. कौशी पुढं वाकली आणि दत्तूच्या कानापाशी म्हणाली, "असं न्हाई करायचं राजा. आधी आक्का, मग मी. आक्का थोरली हाय की न्हाई?" आणि तिनं हळूच त्याचे हात कपाळावरून सोडवले. माझ्या सख्ख्या भावाचं कपाळ तिनं मला उघडून दिलं. तिचा तो समजूतदारपणा मला सोसला नाही.

मी ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "ती न्हाई त्याची बहीण. आमची कुणीच न्हाई ती. टोळीतली हाय."

आवाज मोठा नव्हता, पण अंगणात ऐकू गेला. पणतीत तेल कमी होतं, वात तडतडत होती. नाना पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच होता. "रागात बोलायलीय साहेब ती. बहिणी-बहिणींचं भांडण हाय. रोजचंच हाय आमच्याकडं."

साहेबांनी मान हलवली. गोष्ट तिथंच संपली असती, असं मला वाटतं. पण साहेब कामाचे माणूस होते. जेवणं झाल्यावर त्यांनी मला लिंबाखाली बोलावलं. शेजारी नाना उभे. साहेब अगदी मऊपणानं म्हणाले, "बाळ, घाबरू नको. तुला कुणी काही बोलणार नाही. मघाशी म्हणालीस ते खरं का रागानं?"

नाना माझ्याकडं बघत होते. मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, त्यांना काय हवंय ते. फक्त "रागानं" म्हणायचं होतं. एक शब्द. बारा वर्षांच्या पोरीला कुणी त्याबद्दल मारलं नसतं. अंगणाच्या पलीकडं दत्तू कौशीच्या कडेवर बसून तिला आपला कानवला भरवत होता. कपाळावर तिचं कुंकू होतं, माझं नव्हतं. मी म्हणाले, "खरं हाय साहेब." आणि एवढ्यावर थांबले नाही. मी तिच्या बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो टोळीतून कधी पळाला तेही सांगितलं. शाळेत उत्तर द्यावं तसं न अडखळता सगळं सांगितलं. अंगणात बोलले ते रागात निघून गेलं, असं म्हणायला जागा आहे. लिंबाखालचं मी शांतपणे बोलले. गेली पंचेचाळीस वर्षं मला अंगणातलं आठवत नाही, लिंबाखालचं आठवतं.

नाना त्यानंतर तीन वेळा बीडला जाऊन आले. येताना दर वेळी फाट्यावरून चालत यायचे आणि अंगणात आले की टोपी काढून बसायचे. बाई पाणी द्यायच्या, विचारायच्या नाहीत. दोघांनी मला एक अक्षर सुनावलं नाही. त्यांनी मला बडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्या वेळी तसंच वाटायचं. कागद नियमाप्रमाणे झाले. कौशीला बीडच्या मुलींच्या बालगृहात न्यायचं ठरलं.

जायच्या सकाळी ती माझ्यापाशी आली. तिचे कपडे पेटीत होते आणि किल्ली माझ्या गळ्यात. म्हणजे तिला आपले कपडे न्यायलासुद्धा माझ्याकडं मागावं लागलं. "रुकमे, पेटी उघड की जरा," ती म्हणाली. मी उघडली. तिनं दोन परकर-पोलकी घेतली, दाराच्या उजेडात उलटून बघितली, एक परत आत ठेवलं. "ह्ये तुला व्हईल. माझं आखूड झालंय." मग म्हणाली, "दत्तूला ताप आला तर त्याच्या तळपायाला कांदा चोळ. आन् भाकरी थापताना पाणी कमी घे, तू लई पाणी घेतीस." मी पेटी लावली. ती बाहेर गेली ती सरळ उभी राहून, पूर्ण उंचीनं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती वाकली नव्हती. माझ्याहून ती केवढी मोठी दिसत होती.

दत्तूला आम्ही सांगितलं, की ती मामाच्या गावाला गेली आणि संक्रांतीला येणार. सांगितलं मी. तो रोज फाट्याकडच्या दगडावर जाऊन बसायचा. एसटीचा हॉर्न वाजला की उठायचा, बस गेली की बसायचा. संक्रांत झाली. मग मी होळी सांगितली. होळीनंतर त्यानं विचारणं सोडलं. रविवारी आमच्या तीन दगडांपाशी आम्ही दोघं बसायचो. माझी भाकरी तव्यावरच फाटायची. तो ती कुरकुर न करता खायचा, पण अर्धा चतकोर पानाखाली झाकून ठेवायचा. कुणासाठी ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागलेल्या असायच्या.

उन्हाळ्यात नानांनीच दत्तूला ती बीडला असल्याचं सांगितलं, आणि मग सुट्टीत दोन-तीनदा ते कौशीला भेटायला तिकडं गेले. विचारायचे, "कोण कोण येणार?" दत्तू आधीच चप्पल घालून उभा असायचा. माझं दर वेळी पोट दुखायचं. एकदा खरंच दुखलं होतं, तेव्हा मला बरं वाटलं. मग दोन वर्षांनी कुठून तरी तिची एक मावशी उगवली, तिला घेऊन गेली, लगेच लग्न लावलं आणि ती पुन्हा कोयता हातात घेऊन उसाला गेली, असं नानांनी सांगितलं. मी तेव्हा आठवीत होते. नानांनी ते मलाच सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "बरं, जा. अभ्यास कर."

नाना गेल्यावर बाई बरीच वर्षं होत्या. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्यापाशी आठ दिवस राहिले. एका दुपारी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा मी ते काढलं. म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी बोलले नसते तर तुम्हाला कधी कळलंच नसतं." बाईंनी चमचा बाजूला सारला. "मला पयल्या आठवड्यातच ठावं होतं," त्या म्हणाल्या. "कौशीनंच सांगितलं होतं. म्हणली, बाई, मी ह्यांची न्हाई, मला खोटं खाणं गोड लागंना. मी म्हणलं, ऱ्हा गुमान. तिसऱ्याला बोलू नको." मग जरा दम खाऊन म्हणाल्या, "तू तिला धाक घालायचीस, त्येबी ठावं होतं. तिला म्हणलं, कावून ऐकतीस गं तिचं? तर म्हणली, तिला थोरली होऊ द्या बाई. तिनं मला बहीण म्हणलं, म्हणून मी हितं हाय." पेज गार झाली होती. मी ती गरम करायला म्हणून उठले आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच थांबले.

म्हणजे "सांगू का" या शब्दांची तिला भीती नव्हतीच. ती माझं पाणी भरत होती ते मला थोरलेपण मिरवता यावं म्हणून. हे कळल्यावर माणसानं उठून तिला शोधत जायला हवं होतं. मी गेले नाही. नोकरी होती, मुलगा लहान होता, तिचा पत्ता नव्हता. कारणं काय, मागावीत तेवढी मिळतात.

तिला शोधायला दत्तू गेला. तो वायरमन झाला, मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचा, विचारत विचारत त्यानं तिला हुडकून काढलं. मला तो काही बोलला नाही. पण त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो माझ्याकडं नेहमीसारखा सकाळी न येता दुपारी आला, आणि त्याच्या कपाळावर आधीच कुंकू होतं. पुसट झालेलं, केसांत एक तांदळाचा दाणा अडकलेला. मी ताट घेऊन समोर बसले, ते कुंकू बघितलं, आणि त्याच्याच खाली माझं बोट टेकवलं. मग त्यानं पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. "घे आक्का. फराळ हाय." डबा उघडला. वर कानवले होते. काठाला बारीक मुरड आणि टोकाला चिमटा.

मी ते खाल्ले. सुनेला दिले, नातवाला दिले. सुनेला वाटलं, दत्तूच्या बायकोनं केलेत. "मामींच्या हाताला काय गुण हाय," ती म्हणाली, आणि मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दत्तू निघाला तेव्हा डबा घासून, पुसून, त्याच्या हातात दिला. रिकामा. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी दूधवाल्या बाईचं पातेलंसुद्धा कधी रिकामं दिलं नाही. पण त्या डब्यात काही घातलं असतं, तर ते कुणासाठी हे तोंडानं म्हणावं लागलं असतं. दत्तूनं डबा हातात घेऊन हलका आहे का बघितल्यासारखं केलं आणि पिशवीत टाकला. पुढं तेरा वर्षं असंच झालं. दर भाऊबीजेला त्याच्या कपाळावर आधीचं कुंकू, दर वर्षी डबा, आणि दर वर्षी मी तो रिकामा परत दिला.

या दिवाळीला मी कानवले केले. सून म्हणाली, "आत्याबाई, कशाला, मी करते की." मी तिला बाजूला बसवलं. तीस केले, त्यातले चौदा फुटले. उरलेले डब्यात भरले. दत्तू निघताना डबा त्याच्या पुढं ठेवला. त्यानं उचलला आणि तसाच धरून राहिला.

"जड लागायलाय," तो म्हणाला. "कुणाला हाय आक्का?"

"ज्याचा डबा हाय त्याला."

तो पुन्हा खाली बसला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. डबा त्यानं पुढ्यात ठेवला. मग म्हणाला, "पयल्या साली रिकामा डबा घिऊन निगालो. तिच्या दारात रिकामा कसा ठिवायचा? फाट्यावर हॉटेलात थांबलो, पावशेर पेढे घेतले, डब्यात भरले. तिला म्हणलं, आक्कानं दिलेत. तवापासून दर साली तसंच करायलोय."

मी विचारलं, "आन् ती काय म्हणती?"

"काय म्हणंल? गल्लीत वाटती. सगळ्यांना सांगती, माझ्या बहिणीनं धाडलेत." त्यानं डबा माझ्याकडं सरकवला. "औंदा मी न्हाई नेत. ह्ये तुझं तू ने."

तो गेला त्याला आज पाच दिवस झाले. डबा ओट्यावर आहे. कानवले आठ-दहा दिवस टिकतात, जास्त नाही. सकाळची बस मला ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे, आता घरसुद्धा ठाऊक आहे. दत्तू कागदावर काढून देऊन गेलाय. उद्या निघायचं असं मी सुनेला सांगितलंय. कौशी समोर आली तर काय होईल ते होईल, त्याला माझी तयारी आहे. भीती वेगळीच आहे. तिथल्या गल्लीत मी पोचणार, तिच्या दारात उभी राहणार, आणि पेढे खाल्लेली एखादी शेजारीण बाहेर येऊन विचारणार, "तुमी तिच्या कोण?" एकाच शब्दात उत्तर द्यायचं आहे. दहा वर्षांची होते तेव्हा तो शब्द मला पटकन म्हणता आला होता.